हजेरीची वही



मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज हिशेब नाही. आज मी तुम्हाला एका कादंबरीबद्दल आणि एका जुन्या कायद्याबद्दल सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, ताई, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत ही कादंबरी कुठून काढली? तर ती निघाली एका अंगठ्यावरून. तेच आधी सांगते.

मी बचत गटांची सहयोगिनी. मुखेड तालुका नांदेड जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेला अहमदपूर तालुका लातूर जिल्ह्यात. ह्या दोन्हींच्या मधल्या गावांत माझं फिरणं असतं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका गावात नवीन गट बांधायचा होता. दहा बाया तयार झाल्या. गावाबाहेर पारध्यांची चार-पाच पालं होती. तिथल्या एक मावशी सुनेला घेऊन बैठकीला आल्या. आम्ही समाजमंदिरात सतरंजीवर बसलो होतो, त्या दोघी दाराजवळ फरशीवर टेकल्या. आत या म्हटलं तरी सरकल्या नाहीत.

महिन्याला शंभर रुपये बचत ठरली. मावशींनी कनवटीच्या दहा-दहाच्या नोटा काढून मोजून दिल्या. मी शाईचा पॅड उघडला आणि हजेरीची वही त्यांच्यापुढे सरकवली. तसा त्यांनी हात पदराखाली घेतला.

"पैसे घे ताई. अंगठा नगं."

मला वाटलं लाजतात. दुसरी एक जण हसून म्हणाली, "अंगठ्याला काय सोनं लागलंय का मावशी?" मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा सासरा रोज सांजच्याला पाटलाच्या दारात हजरी द्यायचा. हजरी दिली तरी नेलं, नाही दिली तरी नेलं."

बैठक संपली. मावशी गेल्यावर एक बाई हळूच म्हणाली, "गटात घ्या, पण पेटी तेवढी ह्यांच्याकडं जाऊ देऊ नका." मी काही बोलले नाही. उलट पेटीतले पैसे पुन्हा एकदा मोजले. दुसऱ्या कोणत्याही गटात मी पैसे दोनदा मोजत नाही. त्या दिवशी मोजले. हे आज रेडिओवर सांगताना बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं बोलताही येणार नाही.

घरी येताना गाडीवर माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. हजरी. हा शब्द मी कुठंतरी वाचला होता. शाळेतली हजेरी नव्हे, गटातली नव्हे, तिसरीच. रात्री आठवलं. 'फकिरा'.

अण्णाभाऊ साठे यांचं नाव आपल्याकडं सांगावं लागत नाही. १ ऑगस्टला नांदेड-लातूरच्या गावागावात त्यांची जयंती होते, हलगी वाजते, मिरवणूक निघते. मूर्तीला हार घालणारे खूप, पण त्यांचं पुस्तक उघडणारे किती, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. बी.ए.ला असताना 'फकिरा' मी वाचली होती, तीही परीक्षेपुरती. त्या रात्री पुन्हा काढली.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. मांग समाजातलं गरीब घर. शाळेत ते दीड दिवस गेले असं सांगतात. पुढं मुंबईला आले, गिरणीत राबले, कामगारांच्या चळवळीत शाहीर झाले आणि गोष्टी-कादंबऱ्या लिहू लागले. 'फकिरा' १९५९ साली आली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. फकिरा हा माणूस खरा होऊन गेला, आपल्याच नात्यातला होता, आणि आपण जन्मलो तेव्हा तो आपल्या घरी ओंजळभर रुपये देऊन गेला, असं अण्णाभाऊंनी सांगून ठेवलं आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते.

वाटेगावात जोगिणीची जत्रा भरत नाही. ती शेजारच्या शिगावात भरते, कारण जोगिणीचा मान त्यांच्याकडं आहे. शिगावच्या हद्दीतून जोगीण पळवून आपल्या गावात आणली तर मान आपला, असा तिकडचा रिवाज. फकिराचा बाप राणोजी एकटा जातो, जोगीण आणतो, आणि त्यात त्याचा जीव जातो. गावाला जत्रा मिळते. राधाच्या कपाळाचं कुंकू जातं आणि तिच्या लेकरांचा बाप. गावाच्या मानासाठी मांगाचं रक्त चालतं, मात्र एरवी त्याच मांगाचं घर गावकुसाबाहेर. हे अण्णाभाऊ ओरडून सांगत नाहीत. गोष्ट पुढं सरकते तसं ते आपल्याला कळत जातं.

फकिरा मोठा होतो. मग दुष्काळ येतो, रोगराई येते. मांगवाड्यात चुली पेटत नाहीत. कादंबरीतले विष्णुपंत कुलकर्णी हे गावातलं वजनदार माणूस आणि मनानंही मोठं. ते मांगवाड्याला सांगतात की काहीही करा, पण जगा, भुकेनं मरू नका. फकिरा आणि त्याचे सोबती एका धनवानाचं धान्याचं कोठार फोडतात आणि धान्य भुकेल्या घरांत वाटतात. गुन्हा घडला तो इथं. मैत्रिणींनो, क्रम लक्षात ठेवा. आधी भूक, मग कोठार, आणि मग पोलीस.

पोलीस आल्यावर शिक्षा फकिराला एकट्याला होत नाही. सगळ्या मांगांवर हजेरी बसते. म्हातारा असो की तरणा, चोरी केलेला असो की न केलेला, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी हजर व्हायचं. आता तुम्हीच सांगा, ज्याला दिवसातून पुन्हा पुन्हा हजेरीला उभं राहायचं आहे तो दुसऱ्या गावी कामाला कसा जाईल? सुगीला, ऊसतोडीला, लग्नकार्याला कसा जाईल? भुकेपायी गुन्हा झाला म्हणून हजेरी लावली, आणि हजेरीमुळं काम गेलं, की पुन्हा भूक. हे चाक एकदा फिरायला लागलं की थांबत नाही. म्हणूनच फकिरा शेवटी सरकारी खजिन्यावर हात घालतो आणि डोंगरात जातो. आणि सरकार काय करतं? फकिरा सापडत नाही म्हणून त्याची माणसं, बायापोरं, म्हातारीकोतारी डांबून ठेवतं. आपल्यासाठी त्यांचे हाल नकोत म्हणून फकिरा स्वतः हजर होतो.

पूर्वी वाचताना मला फकिराची तलवार आणि घोडा आठवत राहिला होता. ह्या वेळी मला ती डांबलेली माणसं दिसली. बंड एकाचं, पण किंमत अख्ख्या वाड्यानं मोजली, आणि त्यात अर्ध्या बाया होत्या. कुणाच्या कडेवर लेकरू असेल, कुणी पोटुशी असेल. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचं नाव येत नाही. आलंच तर हजेरीच्या वहीत येतं.

ही हजेरी कादंबरीवाल्यानं रचलेली गोष्ट नाही. तसा कायदाच होता. इंग्रजांनी १८७१ साली तो पहिल्यांदा केला, तेव्हा तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली नवा कायदा आला आणि मुंबई इलाख्यासारख्या इतर भागांतही तो लावता आला. १९२४ साली सगळं एकत्र करून पुन्हा पक्का केला. त्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणत. नावच बघा. गुन्हा माणूस करतो, जमात कशी करील? पण कायद्याचं म्हणणं असं, की अमुक जमातीचा माणूस जन्मतःच गुन्हेगार. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार, तसा चोराचा मुलगा चोर. आपल्याच जातिव्यवस्थेचा हिशेब इंग्रजांनी उचलला आणि त्यावर सरकारी शिक्का मारला.

ह्या कायद्याची कामाची पद्धत समजून घ्या, कारण वह्या-रजिस्टरं आपणही सांभाळतो. सरकार एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करी. ते चूक आहे म्हणून कोर्टात जायची सोय नव्हती. मग जिल्ह्याचा मोठा अधिकारी त्या जमातीच्या माणसांची वही तयार करी. वहीत नाव लागलं की ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि राहण्याची जागा बदलली तर कळवायचं. पोलिसांना कधीही बोटांचे ठसे घेता येत. सरकारला वाटलं तर अख्खी वस्ती उचलून तारेच्या कुंपणात ठेवता येई. सोलापूरला अशी वसाहत होती. आणि सगळ्यात जीवावर येणारी गोष्ट म्हणजे सहा वर्षांवरची लेकरं आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायची मुभाही त्या कायद्यात होती. चोराच्या घरात लेकरू चोर होईल, म्हणून आईपासूनच तोडायचं.

बोटांचे ठसे वाचताना मी पुस्तक मिटलं. मावशींचा पदराखाली गेलेला हात मला तेव्हा कळला. आम्ही अंगठ्याकडं अडाणीपणाची खूण म्हणून बघतो. त्यांच्या घरात अंगठा म्हणजे ठाण्याचं बोलावणं होतं.

कुणी म्हणेल, वाटेगाव तर इंग्रजांच्या मुलखात होतं, आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मग आपल्याकडं ह्याचा काय संबंध? संबंध शोधायला लांब जायला नको. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' हे आत्मकथन लिहिलं. ते १९८७ साली आलं आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला लोक उचल्या म्हणून ओळखतात त्या समाजात त्यांचा जन्म झाला. आजोबांची हजेरी, रात्री-अपरात्री घरावर येणारे पोलीस, कुठंही चोरी झाली की आधी ह्याच वस्तीवर येणारा संशय, हे सगळं त्यांनी आपल्याच मातीतलं लिहिलं आहे. लेकराला शाळेत घातलं तर वस्तीतलेच लोक घाबरले, देवीचा कोप होईल म्हणाले. पुढं हाच मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागला आणि कामगारांसाठी उभा राहिला. लातूरला डाळ आणि शिकवण्यांचं शहर म्हणून आपण मिरवतो. तेच शहर त्या पुस्तकात दुसऱ्या बाजूनं दिसतं.

'फकिरा' आणि 'उचल्या' एकापाठोपाठ एक वाचल्या तर एक फरक लक्षात येतो. फकिराच्या हातात तलवार आहे. 'उचल्या'तल्या मुलाच्या हातात पाटी आहे. वही मात्र दोघांच्याही विरुद्ध तीच आहे.

ह्या वहीवरून मला आणखी एक कादंबरी आठवली. ती आपल्याकडची नाही, पण सांगते. बी.ए.ला माझं ऐच्छिक इंग्रजी होतं. चार्ल्स डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' अभ्यासाला होती. तेव्हा गाईड वाचून पास झाले. नंतर एका बाईंकडून मराठीत गोष्ट समजून घेतली आणि मग मूळ पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. ही कादंबरी १८५९ सालची, म्हणजे 'फकिरा'च्या बरोबर शंभर वर्षं आधीची. गोष्ट फ्रान्समधल्या राज्यक्रांतीची, १७८९ आणि त्यापुढच्या वर्षांची.

तिथंही आधी भूकच आहे. पॅरिसच्या गरीब वस्तीत रस्त्यावर दारूचं पिंप फुटतं आणि माणसं दगडांच्या फटीतून दारू चाटायला धावतात. एका सरदाराची गाडी भरधाव येते, गरिबाचं लेकरू चाकाखाली जातं. सरदाराला काळजी आपल्या घोड्यांची. तो बापासाठी एक नाणं फेकतो. दुसऱ्या ठिकाणी अशाच घराण्यातले दोन भाऊ कुळाच्या नवऱ्याला दिवसा जनावरासारखं गाडीला जुंपतात आणि रात्री बेडकांचा आवाज बंद करायला उभं करतात, म्हणजे सरदारांची झोप मोडू नये. कशासाठी? त्याच्या बायकोवर ह्यांचा डोळा असतो. हे वाचताना मला निजामाच्या काळातली वेठ आठवली. आपले आजे-पणजे सांगायचे, देशमुखाच्या, जहागीरदाराच्या वाड्यावर फुकट राबायला जावं लागायचं, नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या कुटुंबातली एक धाकटी मुलगी वाचते. ती मोठी होते, दारूच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसते आणि दिवसभर विणत असते. बघणाऱ्याला वाटतं बाई विणकाम करते. खरं तर ती वही लिहीत असते. कुणी काय जुलूम केला, कुणाला संपवायचं, त्यांची नावं ती टाक्या-टाक्यांत विणून ठेवते. ती वही कुणाला वाचता येत नाही, जाळता येत नाही, कारण ती तिच्या हातात आहे. मादाम दफार्ज हे तिचं नाव.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मला खलनायिका वाटली होती. शेवटी शेवटी ती त्या घराण्याच्या नात्यातल्या निरपराध बाईच्या आणि तिच्या लहान लेकीच्याही जिवावर उठते. जुलूम करणारे तर मरतातच, पण त्यांच्यासोबत एक गरीब शिवणकाम करणारी पोरही गिलोटिनखाली जाते, तिचा काहीएक दोष नसताना. डिकन्स दोन्ही बाजूंना बजावतो. जुलूम पेरला की असंच पीक येतं, हे तो सरदारांना सांगतो. आणि अख्ख्या घराण्याला, अख्ख्या कुळाला दोषी ठरवलं की निरपराधही मरतात, हे तो क्रांती करणाऱ्यांना सांगतो.

हे मला नंतर कळलं. इंग्रज सरकारची वही आणि त्या विणणाऱ्या बाईची वही, दोन्ही एकाच चुकीवर उभ्या आहेत. कुणी काय केलं हे न बघता, कुणाच्या पोटी जन्मला हे बघायचं. फरक एवढाच की बाईच्या वहीमागं तिच्या घराची राख आहे. सरकारच्या वहीमागं फक्त सत्ता आहे. म्हणून दोघांना मी एका तराजूत टाकणार नाही. पण रक्तावरून माणसाचा हिशेब करायचा नाही, एवढं मात्र दोन्हींकडून शिकले.

त्याच फ्रान्समधली एक खरी घडलेली गोष्टही सांगून टाकते, कारण ती बायांची आहे. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बाजारातल्या बाया भाकरीसाठी, म्हणजे त्यांच्या पावासाठी, पावसात चालत राजाच्या महालापर्यंत गेल्या. वीसेक किलोमीटर. राजाला त्यांनी पॅरिसला यायला लावलं. क्रांतीच्या मोठ्या मोठ्या भाषणांत पुरुष होते. भाव, भूक आणि रिकामी डबी ठाऊक असलेल्या बाया होत्या.

भाकरी आणि वही ह्यांचं नातं माझ्या आजीनं मला लहानपणीच सांगितलं होतं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आज्या, सासवा त्या कामावर होत्या. सुकडी खाऊन दिवस काढले म्हणतात ना, तेच दिवस. कामावर मस्टर असायचं. मस्टरवर नाव लागलं तर आठवड्याला मजुरी, नाही लागलं तर हात हलवत घरी. आजी म्हणायची, "मस्टरवर नाव लागलं म्हंजे चूल पेटली." तिला अक्षर येत नव्हतं. पण एकदा तिचा दिवस कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर चढवला. तेव्हापासून तिनं आपलं नाव कसं दिसतं ते ध्यानात ठेवलं. लांबट, मध्ये गाठ, शेवटी काना. रोज म्हणायची, वही दाखव. दिसलं की मगच अंगठा. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी आली आणि १९७७ साली आपल्या राज्यानं तिचा कायदा केला. काम मागायचा हक्क झाला. तो हक्कही शेवटी वहीतच लिहिलेला.

म्हणजे वही वाईट नसते. वही कुणाच्या हातात आहे, ती कशासाठी उघडली जाते आणि जिचं नाव लिहिलंय तिला ती बघता येते का, ह्यावर सगळं आहे.

गुन्हेगार जमातींचा कायदा स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. कागदावरचं नाव पुसलं, लोकांच्या मनातलं पुसलं नाही. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. १९९८ साली लेखिका महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी ह्या लोकांच्या हक्कांसाठी एक गट उभा केला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल २००८ साली आला. आणि तरीही एका गावात, समाजमंदिरातल्या सतरंजीवर बसून, एका शिकलेल्या सहयोगिनीनं पेटीतले पैसे दोनदा मोजले.

पुढच्या बैठकीला मी शाईचा पॅड नेला नाही, 'फकिरा' नेली. हप्ते झाल्यावर अर्धा तास ती गोष्ट सांगितली. कोठार फोडण्यापर्यंत आले, तेव्हा गटातली एक मातंग समाजाची ताई म्हणाली, "हे तर आमच्या जयंतीला पोवाड्यात ऐकलंय." मग तिनंच पुढची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. हजेरीपर्यंत आल्यावर ती थांबली आणि दाराकडं बघितलं. मावशी खाली बघत होत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सगळं लगेच गोड झालं असं सांगणार नाही. पेटीचा विषय निघाला तेव्हा भांडण झालं. दोन बायांनी गट सोडला, त्यातल्या एकीशी माझं आजही फारसं बोलणं नाही. आम्ही गटाचा नेहमीचा नियमच लावला. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, दर काही महिन्यांनी पाळी बदलायची, आणि पाळीतून कुणी वगळायचं नाही. चिठ्ठी टाकली, किल्ली मावशींच्या पाळीला आली. त्यांनी ती पदराला बांधली आणि दोनदा गाठ मारली. महिन्यानं पेटी उघडली, पैसे बरोबर होते. मी एकदाच मोजले.

दुसरी अडचण मात्र अजून आहे. पालातल्या माणसांकडं राहण्याचा कागद नसतो. रेशनकार्ड म्हणा, बँकेचं खातं म्हणा, कुठंही गेलं की पहिला प्रश्न, पत्ता काय? आज इथं पाल, उद्या तिथं. एके काळी ह्यांचं नाव वहीतून निघत नव्हतं. आता ज्या वहीत नाव लागल्यावर धान्य मिळतं, घरकुल मिळतं, त्या वहीत ते लागता लागत नाही. गटाचा ठराव, ग्रामसेवकाकडं अर्ज, तहसीलला चकरा, हे आमचं चालू आहे. ह्यात गटाचं इतिवृत्त कामाला येतं, कारण ही बाई दर महिन्याला इथं हजर होती एवढं तरी त्यात लिहिलेलं आहे. बघा, हजेरीच शेवटी पुरावा झाली. पण ह्या वेळी हजेरी मागणारे आम्ही नाही, हक्क मागणाऱ्या त्या आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाबाहेर कुठं पालं असतील, वडारवाडा असेल, कैकाड्यांची घरं असतील. पुढच्या बैठकीत एवढंच करा. हजेरीची वही उघडा आणि वहीत कोण आहे ते वाचून झाल्यावर विचारा, गावातल्या कोणत्या बायांची नावं ह्यात नाहीत, आणि का नाहीत. उत्तर देताना कुणी आवाज बारीक केला, तर बोलणं तिथूनच सुरू करा. आणि गावाच्या वाचनालयात 'फकिरा' असेल तर आणा. एकीनं वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी.

आमच्या त्या गटात आता हजेरी मावशींची सून लिहिते, ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. मावशी अजूनही अंगठा देत नाहीत. सुनेकडून त्यांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर शिकून घेतलंय, तेवढंच त्या रकान्यात काढतात. कधी ते ओळीच्या वर जातं, कधी खाली. काढून झालं की वही डोळ्यांजवळ धरून बघतात, मग पुढं सरकवतात. आणि आता त्या सतरंजीवर बसतात.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.